टेबलावरून उठलो की मला बोलता येत नाही

मुखदुर्बळ:

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. शेवटी लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझं वय ३६. गेली सोळा वर्षं मी टेबलटॉप गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पट, पत्ते, फासे घेऊन खेळायचे खेळ, खेळतोय आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं एकाच गटाचा गेम मास्टर आहे, म्हणजे खेळाडू एकेक पात्र होऊन खेळतात आणि गोष्ट व बाकीची सगळी पात्रं मी चालवतो. पाच खेळाडू आणि मी, दर शनिवारी संध्याकाळी चार तास. घरातली एक अख्खी भिंत खेळांच्या खोक्यांनी भरलेली आहे. प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं कव्हर, प्रत्येक रंगाच्या सोंगट्यांची वेगळी पिशवी. रंगवून झालेल्या मिनिएचर, म्हणजे खेळातल्या पात्रांच्या चिमुकल्या मूर्ती, दोनशेच्या वर आहेत. ऑफिसचं काम मी चोख करतो, पण सोमवारपासून डोक्यात शनिवारच चालू असतो. रजा कधी टाकायची, पगारातलं काय कशावर घालवायचं, कुणाच्या समारंभाला जायचं आणि कुणाचा टाळायचा, सगळं खेळावरून ठरत आलंय. मी कोण, असं कुणी विचारलं तर 'गेमर' याखेरीज माझ्याकडे उत्तर नाही. त्याची मला आजवर कधी खंतही वाटली नव्हती.

लहानपणापासून मी घुमा. चार माणसं गप्पा मारत असली की त्यात शिरायचं कुठून तेच कळत नाही. मी तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आणि कधी बोललोच तर नेमकं दुसऱ्याचं वाक्य तोडून. हातांचं काय करायचं हाही एक प्रश्नच असतो. टेबलावर यातलं काही होत नाही. तिथे पाळी ठरलेली असते. ज्याच्या हातात फासे, त्याने बोलायचं. हातात पेन्सिल असते, सगळ्यांच्या नजरा पटावर असतात, माझ्या तोंडाकडे कुणी बघत नसतं. तिथे मी चार-चार तास बोलतो. म्हातारा जादूगार, भेदरलेला पहारेकरी, कावेबाज राणी, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढतो आणि एकदाही अडखळत नाही.

आता मुद्द्याचं. तीन महिन्यांपूर्वी आमच्यातल्या एकाचे वडील गेले. तो माझ्या टेबलावर नऊ वर्षं बसतोय. त्याच्या पात्राचं गाव कुठलं, बापाने त्या पात्राला घराबाहेर का काढलं, ते अंधाराला का भितं, मला सगळं तोंडपाठ आहे. त्याच्या कॅरेक्टर शीटवरचा, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावरचा, जखमा मोजायचा चौकोन खोडून खोडून इतका झिजलाय की मागचं दिसतं, हेही माहीत आहे, कारण त्यावर चिकटपट्टी मीच लावून दिली. त्याचे खरे वडील आठ महिने अंथरुणाला खिळून होते, हे मात्र मला माहीत नव्हतं. बाकी चौघांना होतं. खेळ संपल्यावर ते थांबून बोलायचे. मी तेव्हा फासे मोजून डब्यात भरत असायचो.

मी त्याला भेटायला गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं. तो दारात आला आणि सगळं पुसलं गेलं. मी म्हणालो, "तुझं पात्र मी तात्पुरतं गावातच ठेवलंय. त्याला काही होऊ देणार नाही." तो नुसता बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर आमचा शनिवार झालेला नाही. एकाची बदली झाली, एकीला बाळ झालंय, आणि तो येत नाही.

हे सगळं बंद करावं का? ही भिंत रिकामी केली तर मी माणसांत येईन का?

नवखा:

भिंत रिकामी करू नका, एवढीच विनंती. मी १९ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी पहिल्यांदा अनोळखी लोकांबरोबर खेळायला बसलो ते अशाच कुणाच्या तरी भिंतीसमोर. बाकी मला काही सांगता येणार नाही, पण तुमचं वाचून पोटात कालवलं.

रिकामा पट:

मी ते करून बसलोय, म्हणून अनुभवाचं लिहितो.

पाच वर्षांपूर्वी मला वाटलं की माझ्या एकटेपणाचं मूळ या खेळांतच आहे. सगळा संग्रह एका अनोळखी माणसाला एकगठ्ठा देऊन टाकला. त्याने दोन फेऱ्यांत गाडीत भरला. भिंतीवर खोक्यांच्या मापाचे फिके चौकोन उरले. मला खरंच वाटलं होतं की आता शनिवारची संध्याकाळ मोकळी झाली, तर मी बाहेर पडेन, लोकांना भेटेन. पहिला शनिवार घरात बसून काढला, दुसराही तसाच. वर्षभराने लक्षात आलं की पूर्वी आठवड्यातले चार तास तरी मी माणसांबरोबर असायचो, आता तेही गेले. बोलणं होतं तिथेच राहिलं.

एक वीसबाजूचा फासा तेवढा जुन्या कोटाच्या खिशात सापडला. तो ठेवलाय.

देऊन टाकू नका.

सोंगटी:

मी थोडं कडू लिहिणार आहे. तुमचं चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं, म्हणूनच लिहितेय.

मी एक टेबल कायमचं सोडलं. आम्ही पँडेमिक खेळायचो. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, हा २००८ चा सहकारी खेळ आहे. सगळे मिळून रोगाच्या साथींशी लढतात, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. आमच्यातल्या एकाला खेळ अक्षरशः पाठ होता. माझी पाळी आली की तो माझी सोंगटी उचलायचा आणि म्हणायचा, "इथे जा, हा पत्ता दे, मग तो ते करेल." सहा महिन्यांत मी एकही चाल माझ्या डोक्याने केली नाही. मी तक्रार केली तर बाकीचे म्हणाले, "अगं, तो तसाच आहे, त्याला माणसांचं कळत नाही, मनाने चांगला आहे." मनाने चांगला असेलही. पण 'त्याला कळत नाही' म्हटलं की त्याने शिकायची गरज संपते आणि सोसायचं काम बाकीच्यांकडे येतं.

तुम्ही तसे आहात असं मी म्हणत नाही. पण तुमच्याच लेखातलं एक वाक्य पुन्हा वाचा. बाकीचे थांबून बोलायचे आणि तुम्ही फासे मोजत असायचात. तुम्हाला कुणी बाहेर ठेवलं नव्हतं. एकाच खोलीत होतात, चार हातांवर. 'मला जमत नाही' आणि 'मी विचारलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातली दुसरी बदलणं तुमच्या हातात आहे.

मुखदुर्बळ:

सोंगटी, वाचून दोन दिवस काही लिहवलं नाही. तुमचं बरोबर आहे. मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो की ते लोक खेळ संपल्यावर 'त्यांचं' काहीतरी बोलतात, मी मध्ये कशाला. पण कधी कुणी मी जवळ गेलो म्हणून गप्प झालंय, असं मला एकदाही आठवत नाही.

दोन फाशांची बेरीज सात यायची शक्यता ३६ पैकी ६, सहा किंवा आठ यायची प्रत्येकी ३६ पैकी ५. कॅटन या वस्त्या वसवायच्या खेळात पटावर कुठे वस्ती करायची हे मी त्यावरून क्षणात सांगतो. समोरचा गप्प बसलाय तो दमून, रागावून की दुःखाने, हे मात्र मला ओळखता येत नाही. म्हणून मी बघायचंच सोडून दिलं होतं.

जुना भिडू:

पस्तीस वर्षं खेळतोय, तुझ्याहून बराच मोठा आहे, तेव्हा अरेतुरे करतो, रागावू नकोस.

तुला एक जुनी हकिकत सांगतो. तुला ती माहीत असेल, पण या अंगाने कदाचित पाहिली नसशील. आपले रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र होऊन खेळायचे खेळ, युद्धखेळांतून आले. युद्धखेळात पट, सैन्याच्या तुकड्या, फासे आणि एक पंच. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पंचासह असा खेळ खेळत. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातला असाच एक खेळ मांडला, ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावातला. त्याने एक बदल केला. सैन्यांचे सेनापती होतेच, पण बाकीच्या खेळाडूंना गावातली एकेक व्यक्ती दिली, आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा हेतू दिला. झालं काय, तर लढाई राहिली बाजूला. खेळाडू पटाजवळ थांबेनात. दोघं इकडे, तिघं तिकडे, कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कुजबुजायला, सौदे करायला लागले. वेस्लीला वाटलं आपला खेळ पार फसला. खेळाडू मात्र म्हणाले, पुन्हा कधी खेळायचं? त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं काल्पनिक जग उभं केलं, आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम आणला.

म्हणजे तू ज्याच्यावर आयुष्य काढलंस तो खेळ जन्मला तोच मुळी माणसं पट सोडून एकमेकांशी बोलायला लागली म्हणून. नियमांची जाडजूड पुस्तकं मागाहून आली. तुझ्या शनिवारी खेळ संपल्यावर ते चौघं जे करत होते, तेही त्यातलंच होतं.

आणि दुसरं. गेम मास्टर टेबलावर सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य बोलतो? "मग आता तू काय करतोस?" बरोबर ना? हे विचारायचं आणि गप्प बसायचं. खेळाडू अडखळला तरी त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. मागच्या वेळी तो काय म्हणाला होता ते लक्षात ठेवायचं आणि तीन महिन्यांनी त्याचा धागा परत पुढे आणायचा. हे तू नऊ वर्षं करतोयस, पाच माणसांसाठी, आठवड्याला चार तास. पात्राच्या बापाची चौकशी करता आली तर माणसाच्या बापाचीही करता येईल. शब्द तेच आहेत रे.

ऐकणारी:

मी समुपदेशनाचं काम करते. इथे लिहिलेल्यावरून कुणाला काही झालंय असं मी म्हणणार नाही, पण दोन गोष्टी सांगते.

बुजरेपणा हा स्वभाव असतो, त्यावर इलाज करायची गरज नसते. पण लोकांत जायच्या भीतीने धडधडायला लागणं, आधी चार दिवस झोप उडणं, नंतर चार दिवस आपलंच बोलणं आठवून कुढणं, आणि त्यापायी रोजचं जगणं आक्रसत जाणं, याला सोशल अँग्झायटी म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी त्यात उपयोगी पडते. तुमचं यातलं काय आहे ते प्रत्यक्ष कुणाशी तरी बोलून बघा.

दुसरं त्या फासे मोजण्याबद्दल. भीती वाटते तेव्हा आपण एखादी छोटी आडोशाची कृती शोधून काढतो. फोन बघणं, भांडी आवरायला उठणं, फासे मोजणं. त्याने तेवढ्यापुरतं हायसं वाटतं. पण 'मी तिथे उभा राहिलो असतो तर काय झालं असतं' हे कळायची संधी दर वेळी हुकते, म्हणून भीती आहे तेवढीच राहते. पुढच्या खेळानंतर पाच मिनिटं फासे टेबलावरच पडू द्या. बोलायचं काहीच नाही. फक्त तिथे थांबायचं.

थोरली:

ऐकणारी, मला तुमचं अर्धंच पटलं.

माझा धाकटा भाऊ अगदी असाच आहे. कुणी घरी आलं की खोलीत जाऊन बसायचा, आणि खेळाचा विषय निघाला तर पाऊण तास रूलबुक समजावत राहायचा, समोरच्याचे डोळे मिटायला आले तरी. मी वर्षानुवर्षं त्याला समोर बसवून 'काय चाललंय तुझं' असं विचारायचे. 'काही नाही' याच्यापुढे गाडी जायची नाही.

एकदा वीज गेली होती. तो खिडकीशी बसून मिनिएचर रंगवत होता आणि मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून शेजारी जाऊन बसले. अंगठ्याएवढी एक म्हातारी होती. आधी तिच्या झग्याला निळा रंग, पाण्याने पातळ करून, दोन हात. मग त्याने गडद, पाण्यासारखा रंग ब्रशने सोडला, तर तो आपोआप झग्याच्या चुण्यांत जाऊन बसला आणि नुसत्या प्लास्टिकच्या तुकड्याला कापडाचं वजन आलं. मी म्हटलं, "अरे, हे कसं झालं?" तो सांगायला लागला. मग डोळे काढायला घेतले. चार-पाच केसांच्या टोकाचा ब्रश, श्वास रोखून. पहिला डोळा झाला आणि दुसरा काढता काढता, मान वर न करता तो म्हणाला, "ताई, माझी नोकरी जाऊन दोन महिने झाले."

तेव्हापासून मी समोर बसत नाही, शेजारी बसते. त्याचे हात गुंतलेले असले की त्याचं तोंड उघडतं. फासे मोजणं हा आडोसा असेल, पण काहींना आडोशाशिवाय उभंच राहता येत नाही, त्याचं काय?

ऐकणारी:

थोरली, तुमचं खरं आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. माझ्या लेखी फरक एवढाच की त्या दिवशी तुमच्या भावाचे हात गुंतलेले होते, पण त्याचे कान तुमच्याकडे होते. फासे मोजताना कान कुठे असतात ते ज्याचं त्याने बघायचं.

थोरली:

हे मान्य.

नवखा:

मला एक सुचवायचं होतं. पुन्हा त्या मित्राला भेटाल तेव्हा 'द माइंड' घेऊन जाल का? १ ते १०० आकड्यांचे पत्ते, आपापल्या हातातले चढत्या क्रमाने टाकायचे, पण बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा समोरच्या अनोळखी माणसाकडे ४७ होता आणि माझ्याकडे ४८. दोघंही थांबलो होतो. त्याने टाकला आणि मी लगेच टाकला, आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. त्याच्याशी तोवर एक शब्द बोललो नव्हतो. आता तो माझा जवळचा मित्र आहे.

सोंगटी:

नवखा, सुरेख लिहिलंस. पण या वेळी खेळ नको. मुखदुर्बळ, रिकाम्या हाताने जा. त्या माणसाला तुम्ही खेळासाठी आलात की त्याच्यासाठी, अशी शंका यायला जागा ठेवू नका.

जुना भिडू:

सोंगटीला अनुमोदन. आणि जायच्या आधी फोन कर, थेट जाऊन दारात उभा राहू नकोस.

मुखदुर्बळ:

अडीच आठवड्यांनी लिहितोय.

फोन करायला पाच दिवस लागले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, दोनच वाक्यं: "मला येऊन तुझ्याशी बोलायचंय. खेळाचं काही नाही." तो म्हणाला, ये.

खेळ नेला नाही. फासे खिशात होते, ते मात्र घरी ठेवून जाणं जमलं नाही. बाहेर काढले नाहीत, खिशात हात घालून धरून ठेवले होते.

मी आधी माफी मागितली, दारात त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल. तीन महिने ते वाक्य मला रोज रात्री ऐकू येत होतं. तो म्हणाला, "तू काय बोललास ते मला आठवतसुद्धा नाही. त्या दिवसातलं फारसं काहीच आठवत नाही. तू आला होतास हे आठवतं. आणि नंतर एकदाही फोन आला नाही, हे आठवतं." मी गप्प बसलो. बचाव म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग मी विचारलं, तुला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तू काय केलंस? त्याने सांगायला सुरुवात केली. रिपोर्ट हातात आला तेव्हा तो जिन्यातच बसला होता, वरही जाववेना आणि खालीही. मी म्हटलं, मग? एवढंच. तो बराच वेळ थांबला आणि माझ्या तोंडाशी तीन वेळा काहीतरी आलं, पण काका, तुमचं ते 'वाक्य आपण पुरं करायचं नाही' आठवलं. तो पुढे आपणहून बोलला. आठ महिने रात्री कोण जागायचं, शेवटी शेवटी वडील त्याला त्यांचा धाकटा भाऊ समजून बोलायचे आणि तोही तसंच उत्तर द्यायचा. ते सांगताना तो म्हणाला, "तुझ्या टेबलावर नऊ वर्षं दुसरा कुणीतरी होऊन बोललोय, म्हणून जमलं असेल." यावर मला काहीच बोलता आलं नाही आणि बोलायची गरजही वाटली नाही.

सव्वा तास झाला. थोरलीताई, आम्ही शेजारी शेजारीच बसलो होतो, दोघंही खिडकीकडे तोंड करून. संपवायचं कसं ते मला कळेना. टेबलावर मीच सांगतो की आज इथे थांबू. शेवटी तोच उठला.

शनिवारी तो इतक्यात येणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मी बुधवारी परत येऊ का विचारलं. ये म्हणाला.

भिंत आहे तशीच ठेवलीय. नवखा, तुला कधी खेळायला बसायचं असेल तर सांग. समुपदेशकाकडे वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यातली.

रिकामा पट:

वाचलं. तुम्ही नवखाला बोलावताय, त्या टेबलावर आणखी एक जागा असेल तर मी येईन. माझा फासा घेऊन.

मुखदुर्बळ:

जागा आहे.

सोंगटी:

बुधवारचंही लिहा.

मुखदुर्बळ:

लिहितो. सव्वा तासात त्याच्या वडिलांबद्दल एवढं ऐकलं, पण त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. घरी आल्यावर लक्षात आलं. बुधवारी आधी तेच विचारणार आहे.